खाशाबांचे सात हजार रुपये

पहिलवानाचे चरित्र सांगावयास बसले म्हणजे आपल्याकडे बोलणे खुराकावरून सुरू होते. दूध किती शेर, बदाम किती, जोर किती आणि बैठका किती, ह्या आकड्यांत ऐकणारा रमतो आणि सांगणाराही थोडा हात सैल सोडतो. आम्ही मात्र एका मल्लाच्या चरित्रातील निराळाच आकडा घेऊन आपल्यापुढे आलो आहोत. तो आकडा सात हजार रुपयांचा आहे. १९५२ साली राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर कोल्हापूरच्या मराठा बँकेकडे गहाण ठेवून ही रक्कम उभी केली, आणि तिच्या आधारावर खाशाबा दादासाहेब जाधव फिनलंड देशात हेलसिंकी येथे कुस्ती खेळावयास गेले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना तेथे कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या एखाद्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. गहाणखताची ही गोष्ट अधूनमधून सांगितली जाते. पण सांगतात ती प्राचार्यांच्या थोरवीची गोष्ट म्हणून. थोरवी आहेच. परंतु विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी शिक्षकावर घर गहाण टाकण्याची पाळी का यावी, हे कोणी फारसे विचारीत नाही. आमच्या मते इतिहासाने विचारावयाचे ते हेच आहे.

त्या दिवशी आपले वाशीम आणि खाशाबांचे गोळेश्वर एका राज्यात नव्हते, हेही आपण वाशीमकरांनी ध्यानात घ्यावे. गोळेश्वर हे कऱ्हाडजवळचे गाव. ते मुंबई राज्यातल्या सातारा जिल्ह्यात. वाशीम १९०५ साली आपला जिल्हा मोडल्यापासून अकोल्यात, आणि अकोला नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो, आणि वाशीम पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण झाले ते १ जुलै १९९८ ला. म्हणजे खाशाबा आपल्या राज्याचे ठरले ते पदकानंतर चार वर्षांनी! तरी वऱ्हाड ह्या बाबतीत कोरडे होते असे कोणी समजू नये. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाड्याची जी स्थापना केली, तिचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. आणि ह्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी मल्लखांब, कबड्डी वगैरे देशी खेळ परक्या लोकांना करून दाखविले. तेव्हा ऑलिंपिकचे मैदान वऱ्हाडी माणसाने खाशाबांच्या पदकाच्या सोळा वर्षे आधी पाहिलेले होते.

आता कुस्तीच्या अर्थकारणाकडे वळू. आपल्याकडे हिला दंगल म्हणतात, कोल्हापूरकडे फड म्हणतात, रीत तीच. यात्रेची दुपार कलली की हलगी वाजू लागते. प्रथम पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर, मग दोन रुपये, पाच रुपये असे करीत मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत इनाम चढत जाते. जोड लावण्याला तराजू नसतो. पंच दोन गडी समोरासमोर उभे करतात, खांदा पाहतात, मान पाहतात, आणि लोक ओरडून मान्यता देतात किंवा देत नाहीत. जिंकलेला गडी मैदानाला फेरी घालतो. त्याच्या हातावर कोणी चार आणे ठेवतो, कोणी रुपया ठेवतो. ज्याला इंग्रज लोक धंदेवाईक खेळ म्हणतात तो हाच. आपण त्याला धंदा म्हणत नाही, कारण त्यात देव आहे, यात्रा आहे, गावाची इभ्रत आहे. परंतु गरिबाचा पोर अंगच्या बळावर चार पैसे मिळवितो, ही गोष्ट जगभर सारखीच. मेक्सिकोच्या गल्लीतला पोर मुष्टियुद्धाकडे ज्या आशेने जातो, त्याच आशेने आपला पोर तालमीत जात आला.

फरक पडतो तो खर्चाच्या बाजूने. इनामाच्या पैशात पहिलवान पोसला जात नाही. वर्षाकाठी पाचपन्नास कुस्त्या जिंकल्या तरी रोजचे दूध, तूप आणि बदाम त्यातून सुटत नाहीत. आणि जो दिवसातून दोन वेळा मेहनत करतो त्याने शेतात राबावे कधी? म्हणून मोठा मल्ल म्हटला की त्याच्यामागे एखादा राजा उभा असावयाचा. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी तालमी बांधल्या, मल्ल पोसले, आणि १९१२ साली खासबागचे ते कुस्तीचे मैदान पुरे केले, ज्याच्या कोणत्याही पायरीवर बसले तरी मधला हौद नीट दिसतो. सांगली, मिरज, औंध, बडोदे, इंदूर, जो तो संस्थानिक आपापल्या मल्लांचा अभिमान बाळगी. उत्तरेस पतियाळाने जगप्रसिद्ध गामाला आश्रय दिला. १९१० साली लंडनला पोलंडच्या झ्बिस्कोशी त्याची जी कुस्ती तास न् तास चालून बरोबरीत सुटली, तिची दुसरी फेरी १९२८ च्या जानेवारीत पतियाळाच्या महाराजांनी आपल्या राजधानीत भरविली. तीत गामाने मिनिटभराच्या आतच झ्बिस्कोला अस्मान दाखविले. हाच गामा फाळणीनंतर लाहोरास राहिला. मागे राजा उरला नव्हता. आयुष्याची अखेरची वर्षे ओढगस्तीत काढून १९६० च्या मे महिन्यात तो वारला. राजाश्रय म्हणजे काय, हे तो सरल्यावर कळते.

राजाश्रयाबाहेरचा एक प्रयत्न मात्र ह्याआधी होऊन गेला होता, आणि तोही मराठी मुलखात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरील शर्यती पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात आले की ही माणसे ऑलिंपिकला का जाऊ नयेत? १९२० साली बेल्जममधील अँटवर्पला जे छोटे पथक गेले, त्यात धावणारे होते तसे दोन मल्लही होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे. पैकी रणधीर शिंदे चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले; पदक एका कुस्तीने हुकले. त्यांचे नाव आज कोण घेतो? बत्तीस वर्षांनी हेलसिंकीत केशव माणगावे ह्या कोल्हापूरकडच्याच मल्लाच्या वाट्याला पुन्हा तोच चौथा क्रमांक आला, आणि तेही नाव असेच मागे पडले. चौथ्या क्रमांकाला इतिहासात जागा नाही असा काही नियम नाही, पण पाळला तो असाच जातो.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरात कुस्ती, त्यामुळे लहान वयातच आखाड्यात उतरले. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी हे त्यांचे वस्ताद. ह्या काळातील ज्या आठवणी सांगितल्या जातात त्यांत कौतुकाचा भाग बराच आहे, आणि तो वगळला तरी काही बिघडत नाही. एक गोष्ट मात्र सर्वजण एकमुखाने सांगतात, ती म्हणजे खाशाबांची चण. उंची कमी, अंग आटोपशीर, पाहताक्षणी पहिलवान वाटू नये असे. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आल्यावर तेथील स्पर्धेत नाव घालावयास गेले, तेव्हा खेळाच्या शिक्षकांनी ही मूर्ती पाहून नाव घेण्याचे नाकारले, असे सांगतात. विद्यार्थी थेट प्राचार्यांकडे गेला. खर्डेकरांनी परवानगी दिली. आपल्याहून दांडग्या गड्यांना चीत करून त्या विद्यार्थ्याने स्पर्धा जिंकली. गुरुशिष्यांची ओळख ही अशी झाली.

चण लहान असणे हे मातीच्या मैदानात संकट असते. पण ऑलिंपिकच्या मैदानात तसे नाही, आणि येथेच खाशाबांच्या भाग्याची किल्ली आहे. तेथे काटा असतो. बावन्न किलोचा गडी बावन्नच्याच गड्याशी लढतो, सत्तावनचा सत्तावनशी. मुष्टियुद्धात तर ही वजनांची वर्गवारी फार जुनी आहे, म्हणूनच तेथे लहान चणीच्या जातिवंत योद्ध्यांनीही जगभर नाव केले. मातीत ज्याला लोक रेवड्यांवरचा गडी म्हणून हसले असते, त्याला काट्याने जगापुढे उभे केले. पण काट्याबरोबर इतर गोष्टीही आल्या. पायाखाली माती नाही, गादी. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली आपली लाल माती अंगाला धरून राहते, पायाला पकड देते. गादीवर पाय सरकतो, डावाची गती बदलते. शिवाय मातीत निकाल सर्वांना दिसतो: पाठ लागली की संपले, मग वेळ किती का लागेना. गादीवर पंधरा मिनिटांची मर्यादा असे, आणि तेवढ्यात पाठ लागली नाही तर तीन पंचांचा कौल. चितपटाच्या कुस्तीत वाढलेल्या माणसाला कौलाची कुस्ती शिकावी लागते.

हे शिक्षण खाशाबांना मिळाले ते लंडनमध्येच, आणि तेही ऐन स्पर्धेच्या तोंडावर. १९४८ च्या ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांचा खर्च केला. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना गादीवरचे शास्त्र दाखविले. तेवढ्या शिदोरीवर ह्या बावीस वर्षांच्या तरुणाने बावन्न किलो गटात ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचा बिली जर्निगन यांना हरविले. पुढे इराणच्या मन्सूर रईसीशी ते हरले आणि क्रमांक सहावा लागला. भारतीय मल्लाला ह्या गटात इतके वर कोणी पाहिले नव्हते. त्या वर्षी देशाचे सारे लक्ष हॉकीकडे होते, आणि इंग्रजांना इंग्रजांच्याच राजधानीत चार शून्याने हरविल्यावर दुसरे काही आठवावयाचे कारणही नव्हते. सहावा क्रमांक कोल्हापुराने तेवढा लक्षात ठेवला.

लंडन आणि हेलसिंकी ह्यांच्या मध्ये चार वर्षे आहेत, आणि त्या चार वर्षांत आमच्या विषयाचा सगळा सांधा आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरण झाले हे योग्यच झाले. ज्या प्रजेने त्यासाठी लढे दिले तिचे ऋण आम्ही विसरत नाही. पण राज्य बदलताना दरबारातील जमाखर्चाच्या वह्या ज्या मिटल्या, त्यांत पहिलवानांच्या खुराकाचीही पाने होती. ती पाने नव्या राज्यात कोणत्या खात्यावर घ्यावयाची हे कोणी ठरविले नव्हते. शाळा, रस्ते, धान्य, निर्वासित, अशी निकडीची कामे सरकारपुढे उभी होती. मल्लाचा परदेशप्रवास हे काही खाते नव्हते. ह्यात कोणाची दुष्टबुद्धी होती असे आम्ही म्हणत नाही. जुने दार बंद झाले होते आणि नवे अजून बसविले नव्हते, एवढेच. खाशाबा नेमके ह्या उंबरठ्यावर उभे होते.

१९५२ ची निवड सरळ झाली नाही. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला एक गुण मुद्दाम कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. ती त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत नेली आणि महाराजांनी पुन्हा कुस्ती लावून दिली. तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले, असा वृत्तान्त आहे. राजाश्रयाचा हा शेवटचा हात! निवड झाली, पण निवड झाली म्हणजे प्रवासखर्च मिळाला असे त्या काळी नव्हते. सरकारदरबारी अर्ज-विनंत्या झाल्या, आणि हाती आले ते गरजेच्या मानाने तोकडे. गोळेश्वरच्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. तरी भरपाई होईना. तेव्हा खर्डेकरांनी घराचे कागद बँकेत नेले.

सात हजार म्हणजे किती, हे आजच्या श्रोत्यांना समजावे म्हणून सांगतो. १९५२ साली तोळाभर सोने शंभर रुपयांच्या आत मिळत असे. म्हणजे त्या रकमेत पाऊणशे तोळ्यांच्या आसपास सोने आले असते. शिक्षकी पेशातल्या माणसाने एवढे ओझे डोक्यावर घ्यावे, आणि कशासाठी? तर चार वर्षांपूर्वी सहावा आलेला आपला एक विद्यार्थी कदाचित तिसरा येईल म्हणून. व्यवहाराच्या दृष्टीने हा निव्वळ वेडेपणा होता. आम्हांला खर्डेकरांच्या उदारपणाहून त्यांच्या पारखीचे अधिक आश्चर्य वाटते.

हेलसिंकीत खाशाबा सत्तावन्न किलो गटात उतरले. कॅनडाच्या आद्रियाँ पोलिकँशी पहिली कुस्ती चांगलीच लांबली. वेळ संपावयास अर्धे मिनिटच उरले असता, चौदा मिनिटे पंचवीस सेकंदांनी, खाशाबांनी त्याची पाठ लावली. दुसरा गडी मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो. तो पाच मिनिटे वीस सेकंदांत चीत झाला. ढाक हा खाशाबांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला असे भिरकावयाचे की खांद्यावर येण्याची उसंत मिळू नये. हा डाव कऱ्हाड-कोल्हापूरच्या मातीचा, तो फिनलंडच्या गादीवर उतरला. जर्मनीच्या फर्डिनंड श्मिट्झवरचा विजय दोन विरुद्ध एक अशा पंचांच्या कौलाने मिळाला; कौलाची कुस्तीही आता अंगवळणी पडली होती.

मग समोर आला जपानचा शोहाची इशी. युद्धातील पराभवानंतर जपान प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले होते, आणि त्या वर्षी त्या देशाला जे एकमेव सुवर्णपदक मिळाले ते ह्याच इशीचे. कुस्ती पुरा वेळ चालली. दोघांपैकी कोणाचीही पाठ लागली नाही. कौल इशीच्या बाजूने गेला. खाशाबा घामाने निथळत बाहेर येतात न येतात तोच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हशी उतरण्याची आज्ञा झाली. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. पण नियम सांगावयाला नियम ठाऊक असलेला अधिकारी जवळ लागतो, आणि त्या क्षणी गादीपाशी खाशाबांच्या बाजूने बोलणारा एकही भारतीय अधिकारी नव्हता. थकलेला मल्ल तसाच उतरला आणि कौलावर हरला. इशीला सुवर्ण, मामेदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

अर्धा तास विश्रांती मिळाली असती तर काय झाले असते, ह्याची चर्चा कुस्तीशौकीन आजही करतात. आम्ही त्यात शिरत नाही. आम्हांला दिसते ते एवढेच की पैशाची अडचण प्राचार्यांनी घर देऊन सोडविली, पण गादीपाशी उभे राहण्याचे काम कोणत्याही घराच्या मोलाने होणारे नव्हते. ते संस्थेचे काम होते. दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात हॉलंडला सहा विरुद्ध एक असे हरविले आणि त्यांतले पाच गोल एकट्या बलबीरसिंगांनी केले. वर्तमानपत्रांचे मथळे कोठे गेले असतील हे सांगावयास नको.

त्याच हेलसिंकीत मेक्सिकोच्या मुष्टियोद्ध्यांत जेमतेम अठरा वर्षांचा एक पोर होता, रौल मासीआस. मेक्सिको शहरातील तेपितो ह्या दरिद्री, गजबजलेल्या वस्तीत वाढलेला. अंगाने लहान, म्हणून लोक त्याला उंदीर म्हणत, आणि तेही प्रेमाने. त्याला पदक मिळाले नाही. परत गेल्यावर तो धंदेवाईक मुष्टियोद्धा झाला. १९५४ साली मेक्सिको शहरातील बैलझुंजीच्या प्रचंड मैदानात, हेलसिंकीत सुवर्णपदक मिळविलेल्या नेट ब्रूक्स ह्या अमेरिकनाशी त्याची लढत झाली, तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास माणूस तिकीट काढून आला होता. मासीआस जिंकला, आणि १९५५ मध्ये त्याने आपल्या वजनगटात अमेरिकेच्या राष्ट्रीय मुष्टियुद्ध संघाचे जगज्जेतेपद मिळविले. आपले सारे यश आपल्या व्यवस्थापकाचे आणि ग्वादालूपेच्या देवीमातेचे, असे तो नेहमी म्हणे. देवीमातेचे आपण समजू शकतो. पण हा व्यवस्थापक म्हणजे कोण? तो लढती ठरवितो, मैदान भाड्याने घेतो, तिकिटे विकतो आणि आपला हिस्सा काढून बाकीचे योद्ध्याला देतो. त्यात लबाडी खूप चालते, योद्धे नागवले जातात, कित्येकांची उमेदीची वर्षे डोक्याला मार खाण्यात सरतात. तरी तेथे राजा नसताना योद्धा पोसण्याची एक रीत होती, भली असो वा बुरी. आपल्याकडे राजा गेला आणि तिकीट काढणारे पन्नास हजार अजून एकत्र आले नव्हते.

शिवाय ऑलिंपिकचे सोवळे होते. खेळासाठी पैसा घेणाऱ्याला तेथे मज्जाव असे. १९१२ ला स्टॉकहोममध्ये दोन सुवर्णपदके मिळविणारा अमेरिकेचा जिम थॉर्प पूर्वी थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता, म्हणून त्याची पदके काढून घेतली. ती त्याच्या वारसांना परत मिळाली १९८३ मध्ये, तो मरून तीस वर्षे झाल्यावर. हे सोवळे ज्यांच्या घरी दोन वेळची भ्रांत नाही अशांनी घातलेले होते. नारळावरच्या कुस्तीपासून वर चढलेल्या आपल्या मल्लाला ते कसे परवडावे? पुढे सुमारे १९७० नंतर हे बंधन हळूहळू सैल झाले.

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाड स्टेशनापासून त्यांची जी मिरवणूक निघाली तिच्यात एकशे एक्कावन्न बैलगाड्या होत्या, आणि एरव्ही पाव तासात तुटणाऱ्या वाटेला सात तास लागले. हे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या ठरविल्या, स्वतः लढले, जिंकले, आणि त्यातून जमलेली रक्कम खर्डेकरांच्या घराचे गहाण सोडविण्यास दिली. म्हणजे पहा, दरबाराने सोडले, सरकारच्या हाताला लागले नाही, ते कर्ज अखेर फेडले खासबागच्या परंपरेतल्या त्याच मातीने आणि खिशातून पैसा काढून कुस्ती पाहणाऱ्या लोकांनी. ऑलिंपिकच्या काटेकोर नियमांनी पाहिले असते तर ह्या कुस्त्यांवर बोट ठेवता आले असते. सुदैवाने कोणी ठेवले नाही. गुरूचे घर सोडविण्यासाठी घेतलेल्या इनामाला धंदेवाईक म्हणणारा पंच कोल्हापुरात तरी सापडला नसता.

ह्यापुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती नोकरीची आहे. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. खात्यातील स्पर्धा जिंकल्या; पण दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले. जवळजवळ सत्तावीस वर्षे नोकरी झाली, निवृत्तीच्या सुमारास सहायक पोलीस आयुक्ताचे पद मिळाले, आणि निवृत्तिवेतनासाठी खेटे घालावे लागले. पोलीस, लष्कर आणि रेल्वे ही नव्या राज्याने मल्लांसाठी उघडलेली दारे. ह्यांत राजाची मर्जी नव्हती, महिन्याचा पगार होता. गामाला शेवटी जे मिळाले नाही ते येथे शिपायालाही मिळत असे. पण नोकरीत मल्लाचे मल्लपण किती उरते, हे खात्यावर आणि वरिष्ठांवर अवलंबून. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत मशाल वाहणाऱ्यांत खाशाबा होते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावन्न.

मानसन्मान आले ते मरणानंतर. राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार १९९२-९३ चा, केंद्राचा अर्जुन पुरस्कार २००० सालचा. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला २०१० मध्ये त्यांचे नाव दिले गेले. हयातीत पद्म पुरस्कार मिळाला नाही. गोळेश्वरच्या घरावर 'ऑलिंपिक निवास' असे नाव मात्र त्यांनी स्वतःच घातले होते.

हेलसिंकीनंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. ते १९९६ मध्ये अटलांटा येथे लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळविले. महाराष्ट्राला तर बहात्तर वर्षे थांबावे लागले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे. पदक मिळाले त्या दिवशी ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. आणि आपल्या शेजारी अकोल्याला आज राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत खेड्यापाड्यांतली मुले मुष्टियुद्ध शिकतात. त्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च आता सरकारी खात्यावर पडतो.